दंगल आणि चूल

“दंगल शमली” असें आपण म्हणतों; परंतु ती रस्त्यावर शमते, घरांत शमत नाहीं. आपल्या भिवंडींत ता. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं दंगल पेटली. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यांत तोच वणवा पुन्हां भडकला.

मृतांची व जळलेल्या घरांची मोजदाद होते. स्त्रियांच्या हालांची होत नाहीं. यंत्रमाग बंद पडला कीं मजुरी थांबते. पण मुलांची भूक थांबत नाहीं. संचारबंदींत पीठ, दूध व औषध यांचा मेळ गृहिणीलाच घालावा लागतो. कर्ता पुरुष गेला तर सारा संसार तिच्या एकटीच्या शिरावर येतो. या दुःखांत हिंदु आणि मुसलमान असा भेद नाहीं.

१९८८ सालीं पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनीं येथें मोहल्ला समित्या स्थापिल्या. उभय समाजांचे शेजारी एकत्र बसूं लागले. आणि १९९२-९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. शांतता बंदुकीपेक्षां शेजारधर्मानें अधिक टिकते, हाच याचा बोध होय.

मग हा शेजारधर्म नित्य पाळतें कोण? वाटीभर साखर उसनी देणारी, शेजारच्या बाळंतिणीजवळ रात्र जागविणारी स्त्रीच ना? म्हणून शांतता राखण्याच्या प्रत्येक समितींत तिला बरोबरीचें स्थान असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. विद्यार्थिनींनो, उद्यां तें स्थान तुम्हांला घ्यावयाचें आहे. शेजारणीची ओळख मात्र आजच करून ठेवा.