व्हिनेगर लावल्यावर दिसणारा पांढरा चट्टा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची चर्चा सध्या जोरात आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या बायकांना लसीपेक्षा तपासणीचाच उपयोग अधिक. ती स्वस्तात कशी करावी, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केव्हाच दाखवले आहे.

1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. गर्भाशयमुखाला 4 टक्के अॅसेटिक आम्ल (स्वयंपाकघरातले व्हिनेगर साधारण तेवढेच तीव्र असते) लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींत केंद्रक मोठे, प्रथिने जास्त. आम्लाने ती साकळतात आणि पांढरा चट्टा उमटतो. हे पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवलेल्या आरोग्यसेविका होत्या.

चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. साध्या दाहानेही तो दिसतो, म्हणून बायोप्सी हवीच. कर्करोगपूर्व अवस्था निघाली, तर तेवढाच भाग काढून भागते; गर्भाशय वाचते.

बारा वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातील 30 ते 49 वयाच्या अवघ्या 1.9 टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाल्याचे आढळले. अडचण व्हिनेगरची नाही. चट्टा दिसल्यावर लालबागची बाई चालत परळला येते. तालुक्याच्या गावातल्या बाईला बायोप्सीसाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्हा गाठावा लागतो.