शेगडी कुणाची?

ओट्यात बसवलेल्या गॅसच्या शेगडीपुढे रोज उभी राहते ती बाई; पण दुरुस्तीवाला दारात येऊन विचारतो, "साहेब आहेत का?" माझा आक्षेप या प्रश्नाला आहे. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, की बर्नर तुंबलाय हे आधी तिलाच कळतं. ओट्याखाली दडलेली रबरी नळी ५ वर्षांनी बदलायची असते. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, काडी ओढायची नाही. यात साहेबांचं काय अडतं? २०१६च्या उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्या नावावर आली. पण दुरुस्तीचा, नव्या शेगडीचा निर्णय अजून बऱ्याच घरांत तिचा नाही. मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या नळीवरची तारीख वाचून यावं.