दुसऱ्याच्या ओट्यावरचे दुकान

जलंबहून खामगावपर्यंत १८७० साली लोहमार्ग आला आणि वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांच्या अधिक जवळ गेला. साधन नवे होते, वेगवान होते. त्याचा मुख्य लाभ मात्र ज्यांच्या हाती भांडवल आणि भावाची बातमी होती त्यांनाच झाला. आज बुलढाणा जिल्ह्यातील छोटा व्यावसायिक व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या नव्या साधनांपुढे उभा आहे. ती वापरावीत की नाही, हा वाद आता निरर्थक झाला आहे. ती कोणाच्या अटींवर वापरावयाची, हा खरा प्रश्न आहे.

या साधनांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. खामगावचा चांदी कारागीर घडवलेली मूर्ती मोबाईलवर थेट पुण्याच्या गिऱ्हाइकाला दाखवू शकतो. मेहकरच्या बचत गटाला पापडासाठी मोठ्या व्यापाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु न पाहिलेला माल विश्वासावर विकला जातो. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली वजन, शुद्धता, घडणावळ, एकूण किंमत, टपालखर्च आणि माल पोचण्याची मुदत स्पष्ट लिहिली पाहिजे. चांदीवर भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क असल्यास तो दाखवावा. शेगावच्या कचोरीची कीर्ती जाहिरातीने झाली नाही. रेल्वेच्या प्रवाशांनी ती चाखली आणि गावोगाव नेली. नवे माध्यम हे काम वेगाने करील. पण मुळात चव असली पाहिजे.

येथवर सारे ठीक. पण हा बाजार भरतो तो ओटा कोणाचा? फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले. तिन्ही ओटे एकाच मालकाचे झाले. प्रारंभी जागा फुकट होती. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि व्यावसायिकांचा मजकूर मागे पडला. पुढे यावयाचे तर जाहिरातीचे पैसे मोजा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी कष्टाने जमवलेला प्रेक्षकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची तिन्ही माध्यमे काही तास बंद पडली, तेव्हा केवळ त्यांच्यावरच विसंबलेल्या दुकानांनाही टाळे लागले.

यातून निघणारा पहिला धडा साधा आहे. गिऱ्हाइकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि मागणीचा तपशील स्वतःच्या वहीत असला पाहिजे. दुसरा धडा हिशेबाचा. जाहिरातीवर शंभर रुपये खर्चून किती मागण्या आल्या आणि त्यांत निव्वळ नफा किती उरला, हे दर महिन्याला मांडावे. पसंतीचे अंगठे मोजून घरभाडे भागत नाही.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच गल्लीतील दोन कारागीर त्याच गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र जाहिराती देऊ लागले की दोघांचा खर्च वाढतो आणि लाभ परदेशी कंपनीला होतो. त्याऐवजी दहा जणांनी एक सामाईक पान चालवावे, छायाचित्रे आणि बांधणी एकत्र करावी, कुरियरशी दर एकत्र ठरवावेत. सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्याला ही कल्पना अपरिचित नाही.

कार्यकर्त्यांनी येथे लक्ष घातले पाहिजे. बचत गटाच्या बैठकीत एखादा तास मोबाईलवरील व्यवहार शिकवणे, फसव्या मागण्या ओळखण्यास मदत करणे, सामाईक पानाचा हिशेब सर्वांपुढे वाचणे ही कामे लहान वाटतील. पण कष्ट करणाऱ्याच्या हाती साधन आले आणि हिशेब मात्र दुसऱ्याच्या हाती राहिला, तर खामगावच्या कापसाची कथा पुन्हा घडेल. ती घडू द्यावयाची नसेल तर संघटनेला पर्याय नाही.