घोड्याआधीं रिंगण

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते आणि आपल्या परभणी जिल्ह्यांतील हौशी कास्तकार तेथून शिंगरें व तट्टें घेऊन घरीं येतात. खरेदी पारखून होते. कान, दांत, भोंवरे, चाल, सर्व पाहिलें जातें. परंतु घरीं नेल्यावर हें जनावर फिरवावयाचें कोठें, हा प्रश्न यात्रेंत कोणी विचारीत नाहीं. मग गांवाजवळचा डांबरी रस्ता गांठला जातो. कठीण डांबरावर दौडवून कोंवळ्या सांध्यांस रोज हिसके बसतात, वाहनास बुजून शिंगरूं उधळतें, आणि वर बसलेलें घरचें पोर त्याच रस्त्यावर आपटतें. रानांत न्यावें तर पावसाळ्यांत काळी खुरांस धरते व उन्हाळ्यांत तिच्या भेगांत पाय अडकतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यास घोडें पाळावयाचें असेल त्यानें आधीं रिंगण करावें व मग यात्रेस जावें.

हें काम थोडक्या खर्चांत होतें. मात्र थोडक्या खर्चाचा अर्थ आम्हीं स्वतः एकदां चुकीचा घेतला होता. फाल्गुनांत मोकळें झालेलें रान पाहून त्यावर सहा ब्रास वाळू पसरली आणि काम झालें असें समजलों. मृगाच्या दुसऱ्या पावसांत काळी फुगून वर आली, वाळू तिच्या पोटांत गेली, आणि दसऱ्यास पाहतों तों रिंगणही नाहीं व पिकाजोगें रानही नाहीं. त्या रबडींत घोडीच्या पुढल्या पायाची शीर सुजली, ती दोन महिने उतरली नाहीं. दोष सर्वस्वीं आमचाच होता.

काळी चिकण जमीन पाणी पिऊन फुगते व वाळतांना आकसते. तिच्यावर थेट घातलेली वाळू टिकत नाहीं. सडका बांधणारे आधीं मुरूम दाबतात तें याच कारणास्तव. जिंतूरच्या डोंगराळ भागांत व गंगाखेडच्या बालाघाटाकडील बाजूस पुष्कळ ठिकाणीं मुरूम फार खोल नसतो. तेथें वरची माती खरडली कीं अर्धें काम झालें. गोदाकांठच्या खोल काळींत तो आणावाच लागतो.

आतां हिशेब. स्पर्धेच्या घोडेस्वारीचें लहानांत लहान मैदान २० मीटर रुंद व ४० मीटर लांब असतें. त्यावर सहा इंच मुरूम घालावयाचा तर ४३ ब्रास लागतो, आणि इतका खर्च एका तट्टापायीं कोणी करावा असें आम्ही म्हणणार नाहीं. शिकवणीस ६० फूट व्यासाचें गोल रिंगण पुरतें. त्यांतही सबंध वर्तुळ न भरतां कडेचा १० फूट रुंदीचा पट्टा तेवढा भरावा. सबंध वर्तुळास १४ ब्रास मुरूम लागेल तेथें पट्ट्यास आठांत भागतें. दाबल्यावर थर बसतो, म्हणून दहा धरावे. मध्यें दोर धरून माणूस उभा राहतो. पावसाळ्यांत त्याचे पाय चिखलानें भरतील, परंतु ते धुतां येतात. घोड्याची सुजलेली शीर धुवून जात नाहीं.

पट्टा चर खणून त्यांत भरूं नये, नाहींतर तेथें पाणी सांचून राहील. भोंवतालच्या जमिनीहून तो थोडा उंच असावा व दहा फुटांस दोन इंच असा उतार बाहेरच्या अंगास द्यावा. रिंगणाबाहेर दीड फूट खोल चर काढून तो ओढ्यास मिळवावा. चराची माती मध्यभागीं टाकून कांसवाच्या पाठीसारखा उंचवटा करावा व त्यावर हरळी लावावी, म्हणजे ती माती पट्ट्यावर उतरत नाहीं.

मुरूम वैशाखांत पाणी मारून दाबावा आणि त्यावरून एक पावसाळा जाऊं द्यावा. पाणी कोठें थांबतें तें पाऊसच दाखवितो. तेवढे खळगे भरून दसऱ्यानंतर दोन-तीन इंच जाड वाळू घालावी. तिला चार ब्रास पुरतात. अधिक जाड वाळूनें पाय खोल रुततात व शिरांवर ताण येतो. वाळू व मुरूम हीं दोन्ही गौण खनिजें आहेत. परवान्यावांचून रात्रीं येणारा माल कितीही स्वस्त पडला तरी तो दारांत उतरवून घेऊं नये; पुढें दंडाची नोटीस आली म्हणजे सगळाच हिशेब उलटतो.

कुंपणास कांटेरी तार मुळींच नको. बुजलेलें जनावर तिच्यांत अडकलें तर कातडें सोलून निघतें. बाभळीचे खुंट व आडवे बांबू उत्तम. रिंगणांत एका वेळीं पाव तासाहून अधिक फिरवूं नये, आणि दोन्ही बाजूंनीं सारखें फिरवावें. सतत एकाच अंगानें वळविल्यास तेच पाय झिजतात. दोन वर्षांखालील शिंगरास तर दोरावर धांवडवूंच नये. शंका असेल त्यानें परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावर दाखवून मग सुरुवात करावी. लीद रोज उचलून उकिरड्यावर टाकावी, कारण ती वाळूंत कुजून तिचा धुरळा होतो. आणि आठवड्यास एकदां बाभळीच्या फांद्या बांधून पट्ट्यावरून ओढाव्या, म्हणजे खुरांनीं पडलेली चाकोरी बुजते.