डिझेल उतरते, भाडे का उतरत नाही?

कच्च्या तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि नांगरटीचा एकरी दर आपल्या बांधावर. या दोन्हींच्या मधली वाट शोधण्यासाठी आम्ही हा अंक तेलाच्या भावाला आणि जालन्याला दिला आहे. खरिपाच्या मशागतीची घाई असते तेव्हा ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करायला सवड कुणाला?

पंपावरचा आकडा सगळ्यांना दिसतो. आम्हाला त्यामागचा खर्च पाहायचा होता. जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत भंगार ट्रकने येते, सळईही ट्रकने जाते. मोसंबीचे गाडीभाडे वाढले की व्यापारी ते स्वतःच्या खिशातून कशाला देईल? सौद्यात बागायतदाराच्या भावातूनच ते कापले जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात अनेकांनी टँकरच्या विकतच्या पाण्यावर बागा जगवल्या, त्या पाण्यातही डिझेल होतेच. मराठवाड्यात येणारे बरेचसे इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघते. त्या अंतराचे पैसेही आपणच मोजतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ६ रुपयांनी घटवले. ते ६ रुपये नांगरटीच्या किंवा गाडीभाड्याच्या दरात कुठे उतरले? आमचा भर याच प्रश्नावर आहे, आणि सगळा दोष ट्रॅक्टरवाल्याच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. त्याचे हप्ते आणि सुटे भागही महागलेच आहेत.

तुमच्या गावचा नांगरटीचा किंवा गाडीभाड्याचा मे २०२२ मधला आणि आजचा दर आम्हाला जरूर कळवा. पावती नसली तरी वहीतली नोंद चालेल.