टाके चिघळले की साडेसातीच का आठवते?

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर तेल वाहायला येणाऱ्यांत दवाखान्याच्या फेऱ्यांनी दमलेली माणसंही असतात. ऑपरेशन नीट झालं, पण टाके सुकत नाहीत, पू येतो, ताप उतरत नाही. मग कोणीतरी सांगतं, साडेसाती आहे. आमचा प्रश्न साधा आहे. पेशंटची शुगर किती होती, हे कोणी विचारलं का?

ऑपरेशन हा शरीरावरचा मोठा आघात. त्या ताणात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं आणि इन्सुलिन अपुरं पडतं. स्टेरॉइड दिलं असेल तर आणखी भर. म्हणून ज्याला मधुमेह कधीच नव्हता त्याचीही शुगर चढू शकते. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, जखम रेंगाळते. भरती पेशंटची शुगर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान राहावी, असं डॉक्टर मानतात. फार खाली आणणंही घातकच. यात शनी कुठे आला? कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही, हे बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. खुद्द बाबासाहेब कित्येक वर्षं मधुमेहाशी झुंजले, ते डॉक्टरी उपचार घेऊन.

पण नुसतं भक्तांना शिव्या घालून आपलं काम संपत नाही. (आपल्यातल्या काहींना तेवढंच आवडतं.) वॉर्डात गरिबाशी कोणी धड बोलत नाही, म्हणून तो देवाकडे जातो. २०१६ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. समतेचा हक्क म्हणून तो निर्णय आम्हाला मान्यच आहे. मात्र त्याच बाईला खाटेवर पडल्यापडल्या स्वतःच्या शुगरचा आकडा कोणी सांगत नाही. तिने विचारलं, तर 'तुला काय कळतंय' हे उत्तर! हा चौथरा कोण खुला करणार?

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. वस्तीतलं कोणी भरती झालं तर जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांनीच दवाखान्यात जावं. ऑपरेशनआधी शुगर किती, नंतर किती, दिवसातून किती वेळा तपासली, हे वहीत लिहावं. तेलाच्या पैशांत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्याव्यात. घरी सोडताना पुढची तपासणी कधी, तेही विचारावं. मधुमेह आधी माहीत नसेल, तर एचबीएवनसी करून घ्यावी. आजार आधीपासून लपून होता की ऑपरेशनच्या ताणाने शुगर चढली, याचा अंदाज त्यातून येतो.