वाकळीतला पैसा

गेल्या महिन्यात आईने आजीची जुनी वाकळ उसवायला काढली. एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागले. टाके सोडले, तर भोकाचा पैसा निघाला, १९४४ सालचा. महायुद्धात धातू वाचवण्यासाठी असे मधे भोक असलेले पैसे पाडले जात. तेव्हा एका रुपयाचे ६४ पैसे होत.

फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताच पहिला प्रश्न आला, "विकला तर किती येतील?" जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती फिरत असतात. अशा व्यवहारांत आपले नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हा पैसा आजीच्या हातात आला कसा?

उत्तर आत्याने दिले. आमचे घर महारकीचे. वर्षभर गावाची कामे करायची आणि बदल्यात खळ्यावरचे बलुते न्‌ दारोदार मागितलेली भाकर. किती द्यायचे, ते देणारा ठरवणार. आजी सडकेवर खडी फोडायला गेली, तेव्हा पहिल्यांदा रोख मजुरी मिळाली. त्यातला एक पैसा तिने वाकळीत शिवून टाकला. भाकरीची पाटी सगळ्या गावाला दिसायची. हा पैसा कुणाला दिसत नव्हता.

पण तोच पैसा घेऊन वाण्याकडे गेले, की तो ओट्यावर ठेवावा लागे. वाणी त्यावर पाणी शिंपडून मग गल्ल्यात टाकी. मीठ मात्र वरूनच टाकी. म्हणजे विटाळ पैशाला नव्हता, हाताला होता.

बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ १९२३ साली आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, हे कमी सांगतो. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची वाट त्यात होती. मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर राहिला, तर माणूस मोकळा होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हा प्रश्न जुना झाला असे कुणी म्हणू नये. हाताने मैला उचलण्यावर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. तरी उत्तर भारतातल्या गावांत हे काम करणाऱ्या बायकांना पगाराऐवजी रोट्या आणि उरलेले अन्न मिळत असल्याच्या नोंदी आहेत. ते बलुतेच आहे. पूर्ण, वेळेवर आणि रोख मजुरी ही मागणी म्हणूनच जातिअंताच्या लढ्यातली मागणी आहे.

पैसा आम्ही विकणार नाही. तुमच्या घरातही अशी एखादी वाकळ, ट्रंक किंवा उतरंड असेल. नाण्याची किंमत शोधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ते कसे आले ते विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या आज्यांची मजुरी गावाच्या दप्तरात कुणी लिहिलेली नाही.